काचेचं वाचनालय की मातीचं? एका गावातली अभ्यासिका आणि रेनर बॅनहॅम

पार्श्वभूमी

गावाचं नाव लिहीत नाही, वर्धा-यवतमाळच्या मधल्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. कापूस, तूर, सोयाबीन, काळी जमीन, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या खाली यायचं नाव घेत नाही. गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे, 'ड' वर्ग, म्हणजे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आहे पण सगळ्यात खालची पायरी, अनुदान येतं ते पेपरबिल आणि ग्रंथपालाच्या मानधनातच संपून जातं. इमारत म्हणजे जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वाड्यातली एक लांबट खोली, दीड फुटी मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं.

एका पावसाळ्यात मागची भिंत बसली. पुस्तकांची कपाटं ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नेली आणि ती तिथेच राहिली. खरा प्रश्न पुस्तकांचा नव्हताच, अभ्यासाला बसणाऱ्या पोरापोरींचा होता. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, गावातले बरेच जण कशाची ना कशाची तयारी करतात आणि घरी एका खोलीत टीव्ही, आजी आणि बकरी असताना अभ्यास होत नाही. मग ठरलं की नवीन वाचनालय बांधायचं आणि त्यात मोठी अभ्यासिका करायची. थोडा आमदार निधी, थोडी लोकवर्गणी, आणि गावातूनच पुण्याला आयटीत गेलेल्या एका माणसाची मोठी देणगी, वर दोन एसी फुकट.

मी तालुक्याला राहतो, सिव्हिल डिप्लोमावाला माणूस, इस्टिमेट आणि साइट बघणं हे काम. कमिटीनं मला रेट तपासायला बोलावलं होतं. डिझाइनवर माझं मत कोणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

अडचण

पहिला नकाशा तालुक्यातल्याच एका ऑफिसातून आला. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला. त्या बाजूनं खालपासून वरपर्यंत निळी काच, बाजूला चकचकीत एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचे तयार पत्रे, वर सपाट स्लॅब, आत ४० बाय २० चा एकच हॉल, खिडक्या जवळपास नाहीतच कारण एसी लागणार. थ्रीडी चित्र मस्त होतं, त्यात इमारतीसमोर लॉन होतं आणि लॉनवर एक गोरी बाई लॅपटॉप घेऊन बसली होती. कमिटी खूश. अध्यक्ष म्हणाले, "पुन्याले हाय तसंच दिसलं पायजे, नाहीतर देनगी देनाऱ्याले काय तोंड दाखवाचं?"

विरोध एकट्या काकाजींचा. काकाजी म्हणजे गावातले जुने सर्वोदयी, वय ऐंशीच्या घरात, विनोबांच्या भूदान पदयात्रेत चाललेले. त्यांचं म्हणणं साधं होतं, सेवाग्राम इथून एवढं जवळ, बापू कुटी सगळ्यांनी पाहिलीय, माती-बांबू-कवेलूचं बांधा, एसीची गरजच नाही पडत. कमिटी त्यांच्या पाया पडायची, पण ऐकायची नाही.

आणि तिसरा गट, ज्याचं नेहमी सगळीकडे चालतं, तो म्हणजे ठेकेदार. "चार भिंती, स्लॅब, दोन पंखे, मार्चच्या आत बिल काढून घेऊ, निधी परत गेला तर बसा मंग पारावर."

इथे गावातल्याच निवृत्त गुरुजींची मुलगी आली, सगळे तिला ताई म्हणतात. नागपुरात आर्किटेक्चर शिकलेली, दोन-तीन वर्षं एका ऑफिसात नोकरी करून नुकतंच स्वतःचं काम सुरू केलेलं. वडिलांच्या शब्दाखातर फी न घेता नकाशा बघायला आली आणि पहिल्याच मीटिंगमध्ये काच बघून म्हणाली, "हे पॅरिसमध्ये ९० वर्षांपूर्वी करून झालंय, तिथंही लोक उकडून निघाले होते." सगळे तिच्याकडे बघत राहिले.

बॅनहॅम कोण आणि तो इथे कसा आला

तिच्या बोलण्यात हे नाव वारंवार यायचं म्हणून मी शेवटी तिच्याकडून पुस्तक मागून घेतलं. इंग्रजी जड आहे, पण माणूस भांडखोर आहे त्यामुळे वाचवतं.

रेनर बॅनहॅम, इंग्लंडमधल्या नॉर्विचचा, जन्म १९२२, मृत्यू १९८८. बिल्डिंग बांधणारा नव्हे, बिल्डिंगवर लिहिणारा, इतिहासकार आणि टीकाकार. लंडनला निकोलस पेव्हस्नरच्या हाताखाली पीएचडी केली. पेव्हस्नर म्हणजे आधुनिक वास्तुकलेचा इतिहास इंग्रज कारागीर-विचारवंत विल्यम मॉरिसपासून जर्मन आर्किटेक्ट ग्रोपियसपर्यंत एका सरळ रेषेत मांडणारा मोठा माणूस, आणि या चेल्यानं १९६० साली स्वतःच्या पुस्तकात त्या रेषेलाच हात घातला. त्याचं म्हणणं असं की १९२० च्या दशकातले हे मोठमोठे आर्किटेक्ट यंत्रयुगाच्या गोष्टी करत होते खरे, पण त्यांना यंत्र आवडायचं ते दिसायला, ते चालतं कसं हे फारसं कोणी समजून घेतलं नाही. त्याच्या आधी १९५५ मध्ये त्यानं न्यू ब्रुटॅलिझमवर लेख लिहून त्या नावाला आर्किटेक्टांच्या जगात वजन आणलं होतं, वस्तू जशी सापडली तशी वापरा, पाइप असेल तर पाइप दिसू द्या, वीट असेल तर वीट.

आमच्या कामाचं पुस्तक मात्र १९६९ चं, 'द आर्किटेक्चर ऑफ द वेल-टेम्पर्ड एन्व्हायर्नमेंट'. तोपर्यंत वास्तुकलेच्या इतिहासात खांब, कमानी, दर्शनी भाग एवढंच यायचं, आणि दिवे, पंखे, हीटर, डक्ट हे सगळं मेकॅनिकच्या खात्यात. यानं उलटं केलं. १९०३ चं बेलफास्टचं रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटल, बाहेरून बघावंसं काही नाही, पण त्याचा अख्खा प्लॅनच हवेच्या भल्यामोठ्या डक्टवर बेतलेला, त्याला यानं इतिहासात मानाचं पान दिलं. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटची बफेलोची लार्किन बिल्डिंग पण त्यानं त्याच नजरेनं वाचली. आणि पुढे चंडीगड आखणारा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्याचं पॅरिसमधलं सॅल्व्हेशन आर्मीचं आश्रयगृह, १९३३ चं, दक्षिणेकडे अख्खी बंद काच, आत थंड करायची सोय नाही. डिसेंबरात उद्घाटन झालं तेव्हा सगळं छान, उन्हाळा आला आणि आतले लोक हैराण, मग उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या आणि महायुद्धानंतर काचेसमोर काँक्रीटचे ऊन अडवणारे पडदे उभे केले. तेच पडदे पुढे चंडीगडला दिसतात. ताई म्हणत होती ते पॅरिस हेच.

पुढच्या पिढीवर या माणसाचा परिणाम मोठा. आर्किग्राम हा इंग्लंडमधल्या तरुण आर्किटेक्टांचा गट, सेड्रिक प्राइस हा आर्किटेक्ट, ही सगळी मंडळी त्याच्या आजूबाजूची. १९७७ चं पॅरिसचं पोंपिदू सेंटर, ज्याचे पाइप आणि जिने सगळे बाहेर रंगवून लटकवलेत, ते बघताना त्याची आठवण येतेच. पण आमच्या गावात पोंपिदूचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला तो पुस्तकाच्या सुरुवातीला असलेल्या एका गोष्टीचा.

एक टोळी संध्याकाळी मुक्कामाला थांबते, आजूबाजूला पडलेलं लाकूड आहे. त्याचं दोन प्रकारे काही करता येतं, आडोसा उभारा नाहीतर शेकोटी पेटवा. शहाणी टोळी असेल तर किती लाकूड आहे, रात्री पाऊस येईल की थंडी पडेल याचा अंदाज घेईल आणि मग ठरवेल. खरी टोळी असलं काही करत नाही, बापजाद्यांची जी रीत असेल तेच करते.

ताईनं मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली. काकाजी खळखळून हसले. "पोरी, लाकूड जाळून टाकलं त दुसऱ्या रात्री काय जाळतीन थे? आडोसा त उभाच राह्यते!"

आता गंमत बघा, बॅनहॅमवर शिकल्यासवरल्या लोकांनी जो आक्षेप घेतला तो हाच. इंधन कायम मिळत राहणार असं धरून तो चालतो, एसीचं त्याला भारी कौतुक. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वारं फिरलं, १९८४ ला पुस्तकाची सुधारून दुसरी आवृत्ती निघाली. काकाजींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

बॅनहॅमनं उष्णतेशी वागायच्या तीन तऱ्हा सांगितल्यात. एक, जाड भिंतीत उष्णता साठवून ठेवायची, ती आत यायला वेळ लागतो. दोन, निवडून घ्यायचं, म्हणजे ऊन अडवा, वारा येऊ द्या, जाळी, पडवी, लांब छज्जा. तीन, वीज जाळून जशी पाहिजे तशी हवा करायची. ताईनं याची नावंबिवं न सांगता कमिटीला गावातलीच उदाहरणं दिली. पहिली तऱ्हा म्हणजे वऱ्हाडातलं धाब्याचं घर, भिंती जाड आणि वर पांढऱ्या मातीचा थर. दुसरी म्हणजे छपरी, म्हणजे उघडी पडवी, आणि तुराट्यांचा कूड. तिसरी म्हणजे अध्यक्षांच्या घरचा एसी, आणि अर्धामुर्धा तिसऱ्यातच बसणारा आपला कूलर.

मग एकेकाचा हिशोब निघाला आणि इथे माझी गरज पडली.

काच-एसीचा हिशोब सरळ होता. पश्चिमेचं ऊन दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत काचेवर. त्या हॉलला दोन दीड टनी एसी पुरणार नाहीत हे मी आकडे न मांडताही सांगू शकत होतो. एक एसी चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो, मोठा डेझर्ट कूलर तीनेकशे. बिल कोण भरणार? 'ड' वर्गाच्या अनुदानात ते बसत नाही. आणि बिल भरलं तरी संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट लागायची मारामार, तिथे कॉम्प्रेसर काय उचलणार.

काकाजींच्या मातीच्या इमारतीचा हिशोब मात्र मनाला लागला, कारण विचार पटत होता आणि गणित जमत नव्हतं. जाड भिंत म्हणजे वजन, आणि खाली काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, तिच्यावर जड भिंत टेकवायची तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, आणि त्या जागेवर मुरूम बराच खाली होता. पायातच अर्धा पैसा गेला असता. दुसरं कवेलूचं. कवेलू दरवर्षी पावसाच्या आधी फेरावे लागतात, ते करणारी माणसं आता उरली नाहीत, जी दोन-तीन आहेत ती भाव खातात. आणि वांदरं! एक टोळी छतावरून गेली की पन्नास कवेलूंचा चुरा. गावातले लोक कवेलू काढून टिनं टाकतायत ते काही टिनाच्या प्रेमापोटी नाही. सेवाग्रामची कुटी टिकली कारण तिची देखभाल करणारी संस्था मागे उभी आहे. आमच्या वाचनालयाच्या मागे एक ग्रंथपाल आणि त्याची सायकल.

ठेकेदाराचा पर्याय सगळ्यात स्वस्त. नऊ इंची विटेची भिंत, उघडा स्लॅब. तो का नाकारला ते पुढे येतं, कारण खरा निर्णय तिथेच फिरला.

निर्णय कुठे फिरला

मीटिंगमध्ये दोन तास माती की काच चालू होतं तेव्हा ताईनं कोपऱ्यात बसलेल्या पोरांना विचारलं, तुम्ही बसता कधी? त्यांना आतापर्यंत कोणी काही विचारलंच नव्हतं. एक पोरगी म्हणाली, "ताई, दुपारी कोन बसते? दुपारी आमी वावरात नाहीतर घरी. सकाळी पाच ते नऊ, अन् रात्री आठच्या नंतर."

एवढ्यानं चित्र पालटलं. आतापर्यंत सगळे, काकाजी धरून, दुपारच्या दोनच्या उन्हाशी लढत होते.

रात्री बसायचं असेल तर उष्णतेचं टाइमटेबल वेगळं लागतं. नऊ इंची विटेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेलं ऊन आतल्या बाजूनं बाहेर पडायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे रात्री नऊ-दहाला, पोरं पुस्तक उघडून बसली की भिंत तापायला लागणार. उघड्या स्लॅबचं तर विचारूच नका, स्लॅबच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की रात्री अकराला पंखा गरम हवा खाली फेकतो. म्हणूनच आपल्याकडे लोक उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपतात. मे संपता संपता सूर्य इथे बरोबर डोक्यावरून जातो, भिंतीपेक्षा छतच जास्त खातं. ठेकेदाराची इमारत म्हणजे नेमकी अभ्यासाच्या वेळी तापणारी इमारत, स्वस्त असली तरी.

मग ताईनं प्रश्न बदलला. रात्री आठला बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरी असते, तर पोरांना आत कशाला कोंबायचं? अर्धा अभ्यास बाहेरच करू. आणि आतली खोली दिवसा तापूच द्यायची नाही.

इथे बॅनहॅमचा किती वाटा आणि आपल्या अंगणातल्या बाजेचा किती, हे सांगणं अवघड आहे. तिला मी तसं विचारलं तर ती म्हणाली, "बाज मी लहानपणापासून बघतेय, पण ती आर्किटेक्चर आहे हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं." मला वाटतं टीकाकाराचं काम एवढंच. विचारायला प्रश्न देतो, उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं.

दुसरा अडलेला मुद्दा प्लास्टरचा. ताईला वीट उघडी ठेवायची होती, जे आहे ते दिसू द्या वगैरे. कमिटी एका सुरात नाही म्हणाली. गावात प्लास्टर नसलेली भिंत म्हणजे पैसे संपलेला माणूस. आणि माझंही मत त्यांच्याच बाजूनं पडलं, सौंदर्यामुळे नाही, आमच्या भागातल्या भट्ट्यांची वीट एकसारखी भाजलेली नसते, पावसाच्या माऱ्यात चार वर्षांत तिचे पोपडे निघतात. लंडनमध्ये बसून वीट उघडी ठेवा म्हणणाऱ्याला ही वीट माहीत नव्हती. ताई रुसली, पण मानली.

काय बांधलं

पश्चिमेला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, जिना, स्टोअर आणि संडास-बाथरूम. ऊन त्यांनी खायचं, हॉलपर्यंत पोचू द्यायचं नाही. दर्शनी बाजू संडासाची कशी ठेवायची म्हणून त्याच्यापुढे तीन फूट सोडून सिमेंटच्या जाळीची उंच भिंत, तिच्यावर वाचनालयाचं नाव आणि देणगीदाराचं नाव. फोटोत जाळी छान दिसते. अध्यक्ष म्हणाले, "पुन्याले असं नाई." ती तारीफ होती.

हॉल लहान केला, आणि पूर्वेला व उत्तरेला दहा फूट रुंद छपरी, खाली शहाबादी फरशी, वर पंखे आणि दिवे, प्रत्येक खांबाला चार्जिंगचा पॉइंट. रात्रीचा मुख्य अभ्यास इथेच. उत्तरेच्या छपरीला मुद्दाम खाली झुकता छज्जा दिला कारण जूनच्या आसपास सूर्य संध्याकाळी थोडा उत्तरेकडून मावळतो, हे मला इतकी वर्षं साइटवर उभं राहूनही कधी लक्षात आलं नव्हतं.

स्लॅबच्या वर लोखंडी अँगलवर टिनं, स्लॅब आणि टिनाच्या मध्ये तीन फूट मोकळी जागा, चारही बाजूंनी वारा जाईल अशी. टिन तापेल, तापू द्या, त्याची गरमी वाऱ्यानं निघून जाते आणि स्लॅब सावलीत राहतो. ठेकेदार म्हणाला, छतावर छत, पैसा जास्त झालाय का? त्याला उत्तर मी दिलं, काचेचे पैसे वाचले त्यातून.

हॉलमध्ये भिंतीच्या वरच्या बाजूला जाळीचे झरोके, मच्छरदाणीची जाळी लावून. उत्तरेच्या खिडकीत दोन कूलर आणि समोरच्या भिंतीतल्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात चिपचिप होते, ओली हवा जायला वाट लागते. हे विदर्भातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक लग्नाच्या हॉलमध्ये दारं बंद करून कूलर चालू असतात.

एसीचं काय करायचं हा नाजूक विषय. देणगीदाराला नाही म्हणता येत नव्हतं. शेवटी कॉम्प्युटरची एक छोटी खोली केली, त्यात एक एसी आणि स्टॅबिलायझर. दुसरा एसी अजून खोक्यात आहे, त्याच्यावर पेपरचे गठ्ठे ठेवतात.

काय झालं

पहिला उन्हाळा आला आणि छपरी चालली. खरंच चालली. रात्री साडेआठला जागा धरायला पोरं सतरंज्या टाकून जायला लागली. मुलींसाठी पूर्वेची बाजू ठरवून दिली, ती मागणी मुलींनीच केली होती. लाइट गेली तरी छपरीत बसता येतं, मोबाइलच्या उजेडात का होईना, हे काचेच्या हॉलमध्ये झालं नसतं. एका रात्री लाइट गेली तेव्हा मी तिथे होतो, कोणी जागचं हललं नाही, फक्त एकानं जोरात म्हटलं, "आता इतिहास तोंडपाठ म्हना."

स्लॅबच्या सावलीचा फरक हाताला कळतो. मे महिन्यात रात्री नऊला हॉलमध्ये शिडी टेकवून तिच्यावर चढून छताला हात लावणारा एक पोरगा होता, तो शेजारच्या सोसायटीच्या गोडाऊनमध्येही जाऊन हात लावून आला आणि हसत परत आला, तिथला स्लॅब अजून चटका देत होता.

पण कूलरनं दगा दिला, आणि कारण वीज नव्हतं. पाणी होतं.

मोठा डेझर्ट कूलर तासाला २५-३० लिटर पाणी सहज पितो. दोन कूलर, रात्रीचे चार-पाच तास, म्हणजे अडीच-तीनशे लिटर. मे महिन्यात गावात नळ तीन दिवसांआड, विहिरीचं पाणी तळाला. वाचनालयाच्या टाकीत पाइपलाइननं पाणी पडताना बायकांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत भांडण. "आमच्या घरी प्याले पानी नाई अन् तुमी पोराईले हवा घालता?" याला उत्तर नव्हतं. कूलर बंद झाले. शिवाय बोअरचं पाणी क्षाराचं, गवताच्या ताट्यांवर पंधरा दिवसांत पांढरा थर बसून त्या कडक झाल्या होत्या, म्हणजे चालू राहिले असते तरी सीझनच्या शेवटी नुसते पंखेच उरले असते.

विजेचा हिशोब आम्ही वॅटपर्यंत केला होता. मीटिंगच्या वहीत पाण्याचा एक शब्द नाही. बॅनहॅमच्या गोष्टीतली टोळी लाकूड मोजते, कारण त्याच्या देशात पाणी मोजायची वेळ फारशी येत नाही. आपल्याकडे मेमध्ये वीज एकवेळ येते-जाते, पाणी येतच नाही.

आणखी एक गोष्ट बिनसली. झरोके ठेवले होते ते रात्रीची हवा आत खेळून भिंती गार व्हाव्यात म्हणून, खिडक्याही रात्री उघड्या ठेवायच्या होत्या. ग्रंथपाल रात्री कुलूप लावून जाताना खिडक्या घट्ट बंद करायचा, साप येतो आणि चोर येतो म्हणून, आणि सकाळी दहाला ऊन चढल्यावर उघडायचा. बरोबर उलटं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी किल्ली दोन सीनियर पोरांकडे दिली आणि दरवाजाच्या आतून पाटी लावली, रात्री उघडा, सकाळी नऊला बंद करा. तेव्हापासून दिवसा पेपर वाचायला येणारी म्हातारी मंडळी आत टिकायला लागली.

काकाजी रोज सकाळी येतात, पूर्वेच्या छपरीत बसतात. माती नाही म्हणून अजून कुरकुर आहे. एकदा ताईला म्हणाले, "तुह्या त्या इंग्रजानं सेवाग्राम पाह्यलं असतं त बरं झालं असतं." ती म्हणाली, "काकाजी, तो आल्या आल्या बापू कुटीत कूलर कुठे बसवता येईल ते बघत बसला असता." मग दोघं बराच वेळ हसत होते.

वेगळं काय करता आलं असतं

पाण्याचा हिशोब पहिल्याच मीटिंगला व्हायला हवा होता. छतावर टिनाचा एवढा मोठा पसारा असताना पावसाचं पाणी धरायला जमिनीखाली टाकी नाही, हे आता बघताना टोचतं. पायासाठी खोदलं तेव्हाच टाकी निघाली असती, आता वेगळं खोदायचं तर काळ्या मातीत, इमारतीच्या एवढ्या जवळ, मी सही करणार नाही. दूर मैदानात करता येईल, त्याला पैसे लागतील.

हॉल अजून लहान चालला असता. आत बसणारे कमी आणि छपरीत बसणारे जास्त, पण कमिटीला हॉल पाहिजे होता कारण उद्घाटनाला मंत्री येणार होते. मंत्री आले नाहीत.

पोरांना विचारण्याचं काम नकाशाच्या आधी झालं असतं तर दोन-तीन महिने वाचले असते. ताईचंही यात थोडं चुकलं असं मला वाटतं, तिनं पॅरिसच्या काचेपासून सुरुवात केली आणि त्यामुळे पहिल्या मीटिंगला अध्यक्षांना वाटलं की ही आपल्याला अडाणी म्हणतेय. टोळीची गोष्ट आधी सांगितली असती तर इतका ताण आला नसता. काकाजींच्या बाजूनंही एक राहून गेलं. जुन्या वाड्याची जी माती पडली होती ती चांगली पांढरी माती होती, ती टिनाच्या खाली स्लॅबवर थर म्हणून टाकता आली असती, धाब्यासारखी, वजनाचं बघून. कोणाच्या डोक्यात आलं नाही, ठेकेदारानं ती ट्रॉलीत भरून कोणाच्या तरी वाड्यात टाकली.

आणि टिनावर वांदरं उड्या मारतात तेव्हा आत तोफा सुटल्यासारखा आवाज होतो. त्यावर उपाय सापडलेला नाही.

एवढ्यात शेजारच्या गावची मंडळी बघून गेली. त्यांना डबल छत फार आवडलं, त्यांनी त्यांच्या समाजमंदिरावर तसंच टाकलं, फक्त अँगलचा खर्च वाचवायला टिन स्लॅबवर जवळजवळ टेकवून टाकलं, चार बोटांचं अंतर, आणि दिसायला चांगलं म्हणून बाजूनं शीट लावून बंदही केलं. आता त्यांची तक्रार आहे की तुमच्यासारखंच केलं तरी आमचं गरमच आहे. बाजूची शीट काढून छत तीन फूट उचलायचं इस्टिमेट त्यांनी माझ्याकडे मागितलंय, आणि ताईचा नंबरही.